हाळीचं आडनाव

आमचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. चार अक्षरांचं आहे, तिसरं अक्षर ळ, आणि शेवटी ए, जेवढा ओढाल तेवढा लांबणारा. एवढ्यावरून ओळखू शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि त्यानं ओळखावं अशी माझी इच्छा आहे. बाकीच्यांसाठी लिहिलं तर उद्या कुणीतरी ते मोबाइलमध्ये टाकून शोधत बसेल. तसं शोधल्यानं आमच्या घरात काय झालं तेच तर मला सांगायचं आहे.

सोलापुरात या आडनावाचं आमचं एकच घर, भवानी पेठेत. मी शाळेत कारकून आहे. मुलांची नावं जनरल रजिस्टरमध्ये चढवण्यात माझी उमर गेली, पण आमचं आडनाव त्यात एकदाही लिहावं लागलं नाही. बँकेत, दवाखान्यात, गॅसच्या ऑफिसात ते दोनदा सांगावं लागतं, तिसऱ्यांदा लिहून द्यावं लागतं, आणि मग समोरचा चष्मा वर करून विचारतो, "हे तुमचं कुठलं?" तिथं माझं डोकं फिरतं. तुझं कुठलं ते मी विचारलं का?

पण खरं सांगायचं तर उत्तर आहे, आणि ते मी फार कमी लोकांना दिलंय.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सांगोल्याकडच्या माळावरचे. घरात मेंढरं. अण्णा सहा वर्षांचे झाले तेव्हा आजोबा त्यांना शाळेत घालायला घेऊन गेले, आणि जाताना कळपही बरोबर नेला, कारण तो ठेवणार कुणाकडे? मेंढरं शाळेपुढच्या मोकळ्या जागेत, आजोबा घोंगडी खांद्यावर टाकून दारात. मास्तरांनी पोराचं नाव विचारलं, लिहिलं. बापाचं विचारलं, लिहिलं. मग विचारलं, "आडनाव?" आजोबांना आडनाव म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. गावात त्यांना नुसत्या नावानं ओळखत, आणि तेवढ्यानं त्यांचं आयुष्य नीट चाललं होतं. ते विचारात पडले आणि सवयीनं त्यांची नजर कळपाकडे गेली. एक मेंढी कमी होती.

ती मेंढी घरात वाढलेली. आई मेलेलं कोकरू होतं, आजीनं बोटानं दूध पाजून जगवलेलं. साऱ्या कळपाला आजोबांची हाळी एक आणि तिला एकटीला वेगळी. आजोबा तसेच दारात वळले, तोंडापुढं तळहात आडवा धरला आणि ओढ्याच्या दिशेनं तिची हाळी दिली. चार अक्षरं, शेवटचा स्वर लांबवून. मास्तरांनी टाक बुडवला आणि लिहून घेतलं.

असं आमचं आडनाव झालं. त्याला अर्थ नाही, गाव नाही, कुळ नाही. एका मेंढीला परत बोलवायचा तो आवाज आहे.

लहानपणी मी ही गोष्ट अण्णांकडून कितीदा ऐकली असेल त्याला सुमार नाही. दर वेळी शेवटी मी विचारायची, "मग ती मेंढी आली का?"

"आली की," अण्णा म्हणायचे. "पळत आली. ही आशी."

आणि हाताची दोन बोटं माझ्या दंडावरून दुडूदुडू चालवत खांद्यापर्यंत आणायचे.

अण्णांना आडनावाचा भारी अभिमान. इथं येऊन टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायचं काम धरलं, पण घराच्या दारावर पाटी लावली ती मोठी, बाहेरून गेलेल्याला वाचता यावी अशी. आमच्या शेजारी तेलुगू विणकरांची घरं. तिथल्या म्हातारीनं एकदा मला सांगितलं होतं, "आमच्यात घराचं नाव आधी लावतेत, माणसाचं मागनं. घर हाय तर माणूस हाय." अण्णांना हे फार पटलं. टेलिफोनची नवी डिरेक्टरी आली की ते पोस्टात उभे राहून आमचं पान उघडायचे, आपली एकुलती एक ओळ बघायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "आपल्या नावाचा मानूस हरवत न्हाय. कुटं बी जावा, हुडकाय एकच घर."

माझ्या धाकट्या भावाला मात्र ते नाव काट्यासारखं होतं. वर्गात हजेरी सुरू झाली आणि त्याचं नाव आलं की मागच्या बाकावरून बें बें सुरू. गोष्ट त्यानंच कधीतरी मित्राला विश्वासानं सांगितली होती. पुढं कॉलेजात तेच. मग लग्नाचं बघायला लागलो तेव्हा तर कहर झाला. मुलीकडचे आधी आडनाव विचारतात आणि मग त्या आडनावाच्या चार घरांत जाऊन चौकशी करतात. आमची चौकशी कुणाकडं करणार? करमाळ्याच्या एका स्थळाकडून होकार आला, सुपारी फुटायची बाकी होती, आणि मुलीच्या मामानं मोडता घातला. "ह्या आडनावाचं कोनीच कसं न्हाय? काय लपवत्यात का काय?" माझं लग्न जमलं नाही तेव्हा मी त्यावर हसले होते. हसणं खोटं होतं, पण हसले होते. भावाला हसता आलं नाही.

त्यानं अण्णांना सांगितलं, आडनाव बदलू. अण्णा म्हणाले, "आज्यानं दिलंय." भाऊ म्हणाला, "आज्यानं मला न्हाय दिलं, मेंढीला दिलं." त्या दिवसापासून दोघं एका ताटलीतलं खायचे पण एकमेकांशी बोलत नव्हते.

मग एका रविवारी अण्णा बाहेर गेले असताना तो माझ्याकडं अर्ज घेऊन आला. नावात बदल करून सरकारी राजपत्रात छापून आणायचा अर्ज. माझं अक्षर चांगलं, शाळेतले दाखले मीच लिहिते. म्हणाला, "अक्का, तूच भर." मी भरला. जुनं नाव लिहिलं. बदलाचं कारण, असा रकाना होता, तिथं मी माझ्या मनानं लिहिलं, 'उच्चारास अवघड'. नवं नाव या रकान्याशी आले आणि विचारलं, काय लिहू?

"त्यो ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी भरतो मागनं."

मी तो रिकामा सोडला आणि अर्ज त्याच्या हातात दिला. अण्णांना सांगितलं नाही. मनात म्हटलं, छापून आलं की सांगू, तोवर दोघांचा राग निवेल.

पंधरा दिवसांनी तो पुण्याला मुलाखत आहे म्हणून निघाला. सात रस्त्याच्या चौकात खासगी गाड्या लागतात, तिथं मी त्याला सोडायला गेले. गाडी यायला उशीर होता, तो म्हणाला तू जा, शाळेला उशीर होईल. मी गेले. त्यामुळे तो नक्की कुठल्या गाडीत बसला, सातातल्या कुठल्या रस्त्यानं गेला, हे मला माहीत नाही. तीनदा फोन आला, बरा आहे म्हणाला. मग आलाच नाही. याला वीस वर्षं होऊन गेली.

मी राजपत्राचे अंक वाचनालयात जाऊन चाळले. एकदा नव्हे, दोनदा. आमचं जुनं नाव कुठं दिसलं नाही. त्यानं अर्ज दिलाच नसेल, का छापणाऱ्यानं ळ चं भलतंच काही केलं असेल, का माझ्याच हातून पान सुटलं असेल, देव जाणे. मी मनानं एवढंच धरलं की माझा भाऊ कुठल्यातरी साध्या, चारचौघांच्या आडनावात शिरून बसलाय. दुर्मिळ आडनावाचा माणूस एका दिवसात सापडतो. चारचौघांच्या आडनावाचा माणूस गर्दीत उभा राहिला तरी दिसत नाही. आणि त्या गर्दीचं दार मी माझ्या सुवाच्य अक्षरात उघडून दिलं होतं.

अण्णा मात्र जुन्याच नावानं शोधत राहिले. डिरेक्टरी, मतदार यादी, पेपरातले निकाल. दर वेळी चष्मा पुसून यादीवरून बोट फिरवायचे, नावात ळ दिसला की थांबायचे. मी शेजारी बसून त्यांना पानं उलटून द्यायची आणि गप्प राहायची. आज सांगू, दिवाळी झाली की सांगू, त्यांचं ऑपरेशन झालं की सांगू. गप्प राहायची सुद्धा सवय होते, आणि मला ती झाली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णा ऐंशी ओलांडलेले. एका सकाळी म्हणाले, "तुज्या मोबाइलमदी समदी दुनिया हाय म्हनत्यात. आपलं नाव टाक की त्यात." मी इंग्रजीत टाकलं, कारण मराठीत टाकून मी केव्हाच बघितलं होतं आणि काही आलं नव्हतं. आणि समोर एक पान उघडलं. आमचं आडनाव, आमच्याच स्पेलिंगचं, आणि खाली लिहिलेलं की हे हवाई बेटांवरचं आडनाव आहे, अतिशय दुर्मिळ, मोजक्या घराण्यांत उरलेलं.

चुकून मी ते मोठ्यानं वाचलं.

"कुटं हाय हे?"

"समुद्रात, अण्णा. लांब. बेटं आहेत."

"आपलं नाव हाय तितं?"

मी पुढचं वाचून दाखवलं. तिथं पूर्वी माणसाला एकच नाव असायचं. मग कायदा आला की प्रत्येकानं आडनाव लावायचं, आणि बापाचं जे नाव होतं ते पोरांचं आडनाव झालं. अण्णा मान डोलवत होते. "म्हंजी तितल्या मास्तरनं बी आसंच लिवून घेतलं आसल," ते म्हणाले. मग, अगदी हळू, "त्यो तितंच आसल बग."

मला माहीत होतं की ते नाव आमचं नाही. पान उघडल्या क्षणीच माहीत होतं. इंग्रजीत ल आणि ळ एकाच खुर्चीवर बसतात, लिहिलेलं बघून कोण बसलंय ते कळत नाही. त्या बेटांवरच्या भाषेत ळ नाहीच, हे मी मागून वाचलं. त्यांचं नाव ल चं, सरळ जिभेचं. आणि माझा भाऊ ल च्याही नावानं राहत नव्हता आणि ळ च्याही. हे सगळं त्या वेळी तोंडाशी आलं होतं. अण्णांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मी म्हटलं, "असेल."

त्या एका शब्दाचं पाप मी अजून फेडतेय.

"कुन्या बाजूला येतं ते?" अण्णांनी विचारलं. खरं तर ते जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहे, कुठल्याही बाजूनं सांगता येईल. मी म्हटलं, पूर्वेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गॅलरीतली खुर्ची पूर्वेकडं वळवून घेतली. समोर यंत्रमागांचे पत्रे आणि त्यांच्यावर येणारं ऊन. मागांची खडखड सुरू व्हायच्या आधी, म्हणजे शेजारी चहा होतो त्या वेळी, अण्णा उठून उभे राहिले, तोंडापुढं तळहात आडवा धरला आणि हाळी दिली. सहाव्या वर्षी ऐकलेली, जशीच्या तशी. मी तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आडनाव म्हणून सही करताना, सांगताना, लिहून देताना ते चार अक्षरी असतं. हाळीत ते लांब होत जातं, आणि शेवटी नुसता एक ए उरतो, तो पत्र्यांवरून जातो आणि जातच राहतो. स्वयंपाकघरात माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. मला वाटलं, मलाच बोलावतायत, आणि मला वाटलं, मी इथं नाहीच.

मग ते रोजचं झालं. रस्त्यावरच्यांना वाटायचं म्हातारा स्वतःचंच आडनाव ओरडतोय. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय गं, अण्णांना विसर पडतोय का?" मी म्हटलं, नाही, त्यांना सगळं आठवतंय.

रोज संध्याकाळी मला विचारायचे, "आज काय लिवलंय बेटावर?" आणि मी काहीतरी वाचून दाखवायची. तिथला पाऊस, तिथली आग ओकणारी डोंगरं. एकदा विचारलं, "मेंढरं असत्यात का तितं?" मी शोधलं. असतात, डोंगरावर. अण्णा एवढे खुश झाले की त्यांनी जास्तीची अर्धी भाकरी मागून घेतली. "मंग झालं तर," म्हणाले. "मंग बरा आसल त्यो."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते मोरीत घसरले आणि खाटेला खिळले. तरी सकाळी खाट गॅलरीच्या दाराशी ओढून घ्यायला लावत आणि पडल्या पडल्या, पूर्वेला तोंड करून, हाळी देत. आवाज पत्र्यांपर्यंतही पोचत नव्हता. माझ्यानं ते बघवेना. दार लोटून मी आत कान दाबून बसायची, आणि तरी ऐकू यायचं. मग एका दुपारी त्यांनी नेहमीसारखं बेटाचं विचारलं, आणि मी मोबाइल बाजूला ठेवला.

"अण्णा, तो तिकडं नाही."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"ते नाव आपलं नाही. त्यांच्यात ळ नसतोच. आणि त्यानं आपलं नाव टाकलंय. अर्ज मीच भरून दिला होता, माझ्या हातानं. तुम्हाला सांगितलं नाही."

पंखा फिरत होता. त्यांनी विचारलं, "मंग काय लावलं त्यानं?"

"माहीत नाही. तो रकाना रिकामा ठेवायला लावला."

मी रडत होते. त्यांनी माझ्या रडण्याकडं लक्ष दिलं नाही. छताकडं बघत म्हणाले, "मेंढी आली न्हवती."

"कुठली मेंढी?"

"शाळंतली. न्हाय आली ती. दिवस बुडंस्तवर हुडकली आमी. वड्यात, बाभळीत. न्हाय घावली. पुढं बी आज्या रोज त्या वड्याकडं त्वांड करून हाळी द्यायचा. मरंस्तवर."

"पण तुम्ही तर सांगायचात, आली. पळत आली."

"तू ल्हान हुतीस. लई जीव लावून इचारायचीस. न्हाय कसं म्हनू?"

मला वाटलं, आता ते म्हणतील की तूही तेच केलंस, जाऊ दे. मी वाट बघत होते, लाज सोडून वाट बघत होते. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. मान वळवून गॅलरीतल्या उन्हाकडं बघितलं, पूर्वेच्या त्या पत्र्यांकडं, आणि विचारलं, "मंग आता कुनीकडं त्वांड करू?"

त्यानंतर अण्णांनी हाळी दिली नाही. सकाळी मी खाट दाराशी ओढायला गेले की हातानंच नको म्हणायचे. आज्याला निदान ओढा होता. मी अण्णांकडून ती एक बाजू काढून घेतली होती, खरं बोलून. खोटं बोलले तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर आमचं आडनाव चुकीचं लिहून आलं, ळ च्या जागी ल. मी दोन चकरा मारून ते दुरुस्त करून घेतलं. खिडकीवरचा म्हणाला, "मॅडम, एका अक्षरानं काय होतंय?"

आता या आडनावाची मी एकटी. खुर्ची अजून पूर्वेकडंच आहे, मी ती वळवलेली नाही. कधी कधी सकाळी, माग सुरू व्हायच्या आधी, चहा गाळताना मला तो शेवटचा ए ऐकू येतो. मी बाहेर जाऊन बघते. खुर्चीवर ऊन असतं. सात रस्त्यावरून जाताना रिक्षा सिग्नलला थांबली की मी एकेका रस्त्याकडं बघते आणि मनात हाळी देते, सगळ्यांकडं, पाळीपाळीनं. मोठ्यानं द्यायचा धीर होत नाही. माझा भाऊ आता पन्नाशीत असेल. हेल्मेट घालून माझ्या शेजारूनच गेला असेल, तर मी ओळखणार कशी?

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. माझ्या जागी येणारी बाई आताच रुजू झालीय, तिला काम शिकवतेय. परवा माझे पेन्शनचे कागद लावताना तिनं आडनाव वाचलं, ळ सकट, बरोबर वाचलं, आणि विचारलं, "मॅडम, किती वेगळं आहे हो. हे कुठलं?" नेहमीसारखं डोकं फिरलं नाही. का कोण जाणे, मी तिला सगळी गोष्ट सांगितली. माळ, मास्तर, घोंगडी, बोटानं दूध पाजलेली मेंढी, दारात वळून दिलेली हाळी. भावाचं सांगितलं नाही. ती पेन हातात तसंच धरून ऐकत होती.

"मग?" तिनं विचारलं. "ती मेंढी आली का?"

"आली की," मी म्हटलं. "पळत आली."